खंडेनवमीचा राउटर

हेमांगी कदमला त्या दिवशी झोपायचं होतं. बस, दुसरं काहीच नको होतं तिला. वर्षातनं एक सुट्टी ती हक्कानं मागून घ्यायची, खंडेनवमीची, दसऱ्याला जोडून. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा, आणि एकदा मांडलेल्या हत्याराला दसऱ्याच्या मुहूर्तापर्यंत कुणी हात लावायचा नाही, हा वडिलांचा, म्हणजे आबांचा नियम. हेमांगीचं हत्यार म्हणजे लॅपटॉप. म्हणजे काम बंद. म्हणजे झोप!

बाकी वर्षभर दुपारी बारा ते रात्री आठ ती कानात हेडफोन घालून अमेरिकेतल्या डॉक्टरांचं बोलणं ऐकते. पेशंट तपासून झाला की डॉक्टर भराभरा बोलून ठेवतात, ते बोलणं आधी मशीन टाइप करतं, आणि मशीनच्या चुका हेमांगी सुधारते. डाव्या किडनीला उजवी लिहिलं, पन्नासचे पंधरा मिलिग्रॅम केले, असं काय काय. सहा वर्षांपूर्वी ती सगळं स्वतः टाइप करायची, दिवसाला वीस रिपोर्ट. मग मशीन आलं, कंपनीनं सांगितलं की आता काम हलकं झालं, आणि वीसचे पंचावन्न केले. हलकं!

वय चव्वेचाळीस. बॉटनीत एम.एस्सी. नऊ वर्षं शाळेत शिकवलं, मग आई आजारी पडली तेव्हा सोडलं, थोड्या दिवसांसाठीच म्हणून. ते थोडे दिवस अजून संपायचेत. भाऊ दिग्विजयसिंह पुण्यात, रविवारी फोन करतो, आबांची तब्येत विचारतो, शेवटी "तू कशी आहेस" असं विचारतो आणि उत्तर यायच्या आत "चल, ठेवतो" म्हणतो. कंपू या जुन्या लष्करी वस्तीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि एक गच्ची. गच्चीतनं मांढरे की माताच्या देवळाची टेकडी दिसते, पण गच्चीत जायला वेळ कुणाला आहे.

तर त्या दिवशी ती साडेनऊला उठली. डोळे चोळत बाहेरच्या खोलीत आली आणि बघते तर काय, आबा सोवळं नेसून चौरंगापुढे बसलेले. चौरंगावर पणजोबांची तलवार, जिचं म्यान केव्हाच गेलंय. आबांची हवालदारकीतली काठी. विळी, सुतारकामाची रंधा-करवत, आईची शिलाईची कात्री. लॅपटॉप, त्याच्या झाकणावर दरवर्षीसारखा कुंकवाचा एकच ठिपका, तेवढीच तिची परवानगी. आणि मधोमध, अगदी तलवारीच्या शेजारी, झेंडूची माळ घातलेला, हळदीकुंकवाची बोटं ओढलेला, दोन्ही अँटेना वर करून बसलेला राउटर!

"आबा!" हेमांगी ओरडलीच. "हा का काढला? हा तर कधीच मांडत नव्हतो आपण!"

"यंदा मांडला," जयसिंहराव म्हणाले. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज अजून परेडचा. "तूच रोज म्हणतेस ना, राउटर चालला तर मी चालले. मग खरं हत्यार कुठलं? लॅपटॉप तर नुसती ढाल झाली. मी म्हटलं, इतकी वर्षं चुकीचंच पूजतोय आपण."

ती भिंतीला टेकून उभी राहिली. रागवावं की हसावं तेच समजेना, आणि दोन्हीला लागते तेवढी ताकद पण नव्हती.

"पुसून-बिसून तर नाही ना घेतला?"

"ओल्या फडक्यानं नाही पुसला. एवढी अक्कल आहे मला. कोरड्यानं पुसला, नुसतं पाणी शिंपडलं, दूर्वेनं. आणि मागे काहीतरी खुपसलेलं होतं, ते काढून वेगळं ठेवलंय. बघ."

काहीतरी म्हणजे पेनड्राइव्ह. तो तलवारीच्या मुठीशी एका विड्याच्या पानावर ठेवला होता. त्याच्या धातूच्या तोंडावर कुंकू, अक्षता आणि एक तुळशीचं पान.

आता हा पेनड्राइव्ह तिथे का होता, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

जूनमध्ये हेमांगीचं नेट फार अडायला लागलं होतं. डॉक्टर बोलता बोलता मध्येच गप्प, गोल गोल चक्र फिरतंय. कनेक्शनवाल्यांना फोन केला की एकच उत्तर, "मॅडम, आपके घर में ही कोई खा रहा है." कोण खातंय? घरात माणसं दोन! मग हेमांगीनं तीन रविवार घातले, इकडे तिकडे वाचून वाचून डोकं पिकवलं, आणि राउटरमध्ये दुसरंच सॉफ्टवेअर घातलं, जे हिशोब ठेवतं, कुठल्या यंत्रानं कुठल्या तासात किती नेट ओढलं. शाळेत पानांच्या शिरा मोजायला शिकवणारी बाई ती, तिला असली कामं आवडतात. यंत्रांना तिनं नावं पण दिली. हेमा-लॅपटॉप. आबा-टॅब. आणि एक अनोळखी टीव्ही निघाला, तो खालच्या मंदाताईंचा! मंदाताईंना दोन वर्षांपूर्वी एक दिवसापुरता पासवर्ड दिला होता. एक दिवस!

पण खरा खादाड निघाला आबांचा टॅब. दिग्विजयसिंहनं पाठवलेला. दुपारी दोन ते सहा, चार तास, कोल्हापूरच्या कुस्त्या. मैदानं, जुन्या लढती, सगळं मोठ्या पडद्यावर झकास दिसेल असं लावून. ऑगस्टच्या सुरुवातीला एक दिवस हेमांगीचा फार भडका उडाला. "आबा, माझ्या ड्यूटीत कुस्ती बंद! तुमचा पैलवान माझ्या डॉक्टरच्या छातीवर बसतो!" आबांनी टॅब बंद करून बाजूला ठेवला. नंतर नेट सुधारलं, टॅब पण आबांच्या मांडीवर रोज दिसायचा, आणि ती विसरून गेली. तिला वाटलं कनेक्शनवाल्यांनीच काहीतरी केलं.

तर हा हिशोब राउटरला चालू असेपर्यंतच आठवतो. बंद पडला की पाटी कोरी. म्हणून हेमांगीनं मागे पेनड्राइव्ह लावला होता. दर तासाच्या ठोक्याला राउटर सगळ्या हिशोबाची नक्कल त्यावर करायचा, जुनी पुसून नवी. एक छोटी बॅटरी पण होती, म्हणजे लाइट गेली तरी राउटर जागा. एकच गोष्ट राहिली होती. राउटर बंद होऊन परत चालू झाला तर नक्कल आपोआप आत घेईल, अशी सोय करायची होती. ती तिनं पुढच्या रविवारी करू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. दर रविवारी तिला झोप येते, तिचा काय दोष?

त्या सकाळी मात्र तिला यातलं काहीच आठवलं नाही. तिनं राउटरला नमस्कार केला, आबांच्या पाया पडली, चहा घेतला आणि परत आडवी झाली.

अकरा वाजता फोन वाजला. मेल होता, कंपनीचा.

ती उठून बसली. परत वाचला. मग तिसऱ्यांदा.

सप्टेंबरमध्ये नऊ दिवस, दुपारी दोन ते सहा, तुम्ही कामावर नव्हतात असं हजेरीच्या ॲपमध्ये दिसतंय. तुमचे रिपोर्ट मात्र रोज जमा झालेत, ते पण एकदम संध्याकाळी. याचा अर्थ ते काम दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंत, असा आमचा समज आहे. उद्या संध्याकाळी पाचपर्यंत खुलासा पुराव्यासकट पाठवा, नाहीतर तुमचा आयडी बंद.

दुसऱ्या कुणाकडून! हेमांगीचे कान गरम झाले. सहा वर्षं. आईचं तेराव्याचं जेवण झालं त्या दुपारी पण ती लॉगिन झाली होती. तिनं अंतराला फोन लावला. अंतरा तिची टीम लीडर, नोएडात असते, वयानं पंधरा वर्षं लहान, स्वभावानं वाईट नाही पण घाईत असते.

"हेमांगी जी, मैं समझ रही हूँ," अंतरा म्हणाली, "पर सिस्टम में आप नौ दिन दोपहर को दिख ही नहीं रहीं."

"अरे पर मैं ऑडिओ सुन रही थी ना! ऑडिओ तो आपके सर्वर से ही चलता है, मेरे पास थोड़ी रखा है. वहाँ देख लीजिए न."

"सर्वर अमेरिका वाली टीम के पास है, उनसे निकलवाने में महीना लगेगा. एचआर तो बस ॲप देखता है. आपके पास कुछ प्रूफ हो तो भेज दीजिए. कल पाँच तक."

"ॲप पंद्रह सितंबर को अपडेट हुआ था, उसके बाद से ही दोपहर में अटकता होगा, और रिपोर्ट शाम को इकट्ठे—"

"तो आपने शिकायत का टिकट क्यों नहीं डाला?"

कारण दिसलंच नाही! खाली कोपऱ्यात हिरवा ठिपका असतो, तो राखाडी झाला असेल, पंचावन्न रिपोर्टमध्ये कोण ठिपका बघतं? पण हे बोलायच्या आत फोन ठेवला गेला होता.

हेमांगी बसून राहिली. प्रूफ. कुणाकडे असतं प्रूफ की आपण रोज दुपारी आपल्या खुर्चीत होतो? आबा सांगतील, मंदाताई सांगतील, भिंतीवरची पाल सांगेल. आणि तेवढ्यात तिला आठवलं. राउटर! हेमा-लॅपटॉप, दुपारी दोन, तीन, चार, पाच. दर तासाला ऑडिओ ओढलेला असणार. तारीख, वेळ, सगळं.

ती बाहेर धावली. आणि चौरंगापाशी येऊन थांबली.

राउटर झेंडूच्या माळेत बंद. आतलं सगळं सकाळीच पुसलं गेलं. उरला फक्त पेनड्राइव्ह, कुंकवात माखलेला, तलवारीच्या मुठीशी. एक हात पुढे करायचा की झालं. आबा आत पुरणाला बसले होते, त्यांना कळलं पण नसतं.

तिनं हात पुढे केला नाही.

पाच वर्षांपूर्वीची नवमी. तेव्हा चौरंगावर घरातले दोन्ही फोन पण मांडलेले असायचे. दुपारी आईला श्वास घेता येईना, ओठ निळे पडायला लागले, आणि हेमांगीनं धावत जाऊन चौरंगावरचा फोन उचलला, अँब्युलन्सला लावला. कुंकू तसंच बोटांना. हॉस्पिटल इथेच, दहा मिनिटांवर. आई आठ दिवस राहिली आणि गेली. आबांनी कधी म्हटलं नाही की तू उचललास म्हणून. एकदा पण नाही, रागात पण नाही. फक्त पुढच्या वर्षीपासून त्यांनी फोन मांडायचे बंद केले. तेवढंच. आणि त्या तेवढ्याचं ओझं हेमांगी पाच वर्षं घेऊन फिरतेय, कुणाला सांगितलेलं नाही. तिला पक्कं माहीत आहे की फोनचा आणि श्वासाचा काही संबंध नाही. बॉटनीत एम.एस्सी. आहे ती. तरीपण हात पुढे गेला नाही.

दुपारी मंदाताई ताटलीवर रुमाल टाकून गिलक्याची भजी घेऊन वर आल्या, दर्शनाला. बघतच राहिल्या.

"अगबाई, हा डब्बा काय मांडलाय जयसिंहराव?"

"डब्बा नाही, हेमाचा भाला आहे तो."

"म्हणून माझं सकाळपासून काही लागत नाही होय!" मंदाताईंच्या तोंडून निघून गेलं, आणि मग त्यांनी पटकन हळदकुंकू उचलून राउटरला अजून एक बोट लावलं, जशी काही चुकीची भरपाई झाली. जाताना हेमांगीकडे बघून म्हणाल्या, "तुझं तोंड का ग असं उतरलंय? सणाचा दिवस आहे. उपास केलास का?"

"नाही हो मंदाताई. झोप नाही झाली."

"तुझी कधी होते?" म्हणाल्या आणि उतरल्या. खरं तर बरोबरच बोलल्या.

जेवताना आबांनी पुरणपोळीवर तूप वाढलं, स्वतः. मग ताटाकडे बघत विचारलं, "फोनवर कुणाशी भांडत होतीस?"

तिनं सांगितलं. थोडक्यात, मान खाली घालून, जसं दुसऱ्या कुणाचं सांगतेय. ॲप, नऊ दिवस, पाच वाजता, पेनड्राइव्ह.

आबांचा घास हातातच राहिला. मग बाहेरच्या खोलीकडे बघून म्हणाले, "उचल."

"काय?"

"ते काय ते खुपसायचं. उचल तू. देव काय खातोय की काय."

आबांच्या तोंडून हे! त्यांनी किती जोर लावून तो शब्द काढला असेल ते तिला दिसत होतं, मानेची शीर उडत होती त्यांची.

"नको," ती म्हणाली. "उद्या दोनला मुहूर्त आहे ना. तीन तास मिळतात. पुरे झाले."

"हेमा, नोकरीचा प्रश्न आहे."

"तेच तर म्हणतेय. पुरतात."

दोघांना माहीत होतं की दोघांना काय आठवतंय, आणि ते नाव कुणाच्या तोंडून निघालं नाही. आबांनी तिला अजून एक पोळी वाढली, नको नको म्हणताना.

दसऱ्याला दोनच्या आधीच आबा चौरंगापुढे तयार. पंचांगात वेळ बघून ठेवलेली, मनगटावर घड्याळ. दोन वाजून नऊ मिनिटांनी त्यांनी उत्तरपूजा सुरू केली. अक्षता टाकल्या, तलवार डोक्याला लावली, काठी डोक्याला लावली, विळी, कात्री. कात्रीशी जरा जास्त थांबले. हेमांगी मागे उभी, एका पायावरनं दुसऱ्या पायावर. शेवटी त्यांनी राउटर दोन्ही हातांनी उचलून तिच्या ओंजळीत दिला, जशी काही वीरश्रीची निशाणी.

"जा. विजयी हो."

"आबा, मेल पाठवायचा आहे फक्त."

"तेच म्हणतोय मी."

पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला. काही नाही. काढला, परत लावला. नाही. तिनं तोंडात बघितलं तर कुंकू ओलं होऊन आत जाऊन वाळलेलं, एक तांदळाचा तुकडा सोनेरी पट्ट्यांत चिकटलेला. ती फुंकर मारायला लागली.

"थांब!" आबा गरजले. "तोंडानं वाफ जाते, गंज धरतो. इकडे आण."

आबांनी वीस वर्षं बटालियनच्या कोठारात बंदुका साफ केल्यात. ते खिडकीपाशी उजेडात बसले, चष्मा लावला, काडीपेटीतली काडी घेतली, तिच्या टोकाला कापसाचा कण गुंडाळला, इतका बारीक की दिसेना. स्पिरिटात बुडवून, झटकून, आत घातला. फिरवायचा नाही, ओढायचा. एक काडी लाल झाली, दुसरी, तिसरी. हात म्हातारा, पण त्या कामात थरथरत नव्हता. हेमांगी घड्याळ बघत होती. अडीच. दोन चाळीस. वेळ वाचवायला तिनं तोवर राउटर जागेवर नेऊन लावला, बटण दाबलं, हिरवे दिवे एकेक करून लागले. आत बघितलं. सगळीकडे शून्य. हेमा-लॅपटॉप शून्य, सप्टेंबर नाही, ऑगस्ट नाही, जसं काही त्या घरात कुणी कधी राहिलंच नव्हतं.

"झाला साफ," आबा म्हणाले. "आता बंदूक असती तर लगेच चालली असती."

घाईघाईत तिनं तो नेहमीच्या जागी, राउटरच्या मागेच लावला. सवयच ती! आतली निळी लाइट लुकलुकली. आला! दिसला! हेमांगीनं श्वास सोडला, खुर्चीत बसली, पाण्याचा ग्लास उचलला, आणि तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावर गेली. तीनला दोन मिनिटं कमी.

तासाचा ठोका. जुनी पुसून नवी.

तीन वाजले की राउटर आतल्या शून्याची नक्कल करणार, आणि पेनड्राइव्हवरचा जूनपासूनचा सगळा हिशोब पुसणार. तिनंच शिकवलं होतं त्याला तसं!

ग्लास तिच्या हातून पडला. ती खुर्ची लाथाडून धावली, भिंतीवरचा राउटर एका हातानं धरून दुसऱ्या हातानं पेनड्राइव्ह उपटला, माळेतला उरलेला एक झेंडू गळून तिच्या पायावर पडला.

"काय झालं? काय झालं?" आबा उठले.

"काही नाही." ती तिथेच खाली बसली, मूठ आवळून. "काही नाही, आबा. वाचलं."

मग ती घाई सोडून बसली. आधी लॅपटॉपवर पेनड्राइव्ह उघडून फाइल दुसरीकडे उतरवून घेतली, दोन ठिकाणी. नवमीच्या सकाळपर्यंतची होती, आबांनी वायर काढायच्या तासापर्यंतची. मग राउटरचं मोजणं थांबवलं. कोरी फाइल काढली, जुनी तिच्या जागी ठेवली. मोजणं परत सुरू केलं. पान परत उघडलं तेव्हा तिला डोळे उघडायची हिंमत होत नव्हती, खरंच.

आणि सगळं परत आलेलं होतं. जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. त्या नऊ दिवसांतला पहिला, हेमा-लॅपटॉप, दोन ते तीन, तीन ते चार, दर तासाला भरलेली निळी पट्टी. दुसरा दिवस. तिसरा. नऊच्या नऊ. मुकाट्यानं बसलेली असायची ती रोज, आणि या एकट्या डब्यानं ते बघितलं होतं.

"दिसतंय का तू होतीस ते?" आबांनी मागनं विचारलं.

"दिसतंय."

"मी सांगितलं असतं तर चाललं नसतं?"

"नाही आबा. तुम्हाला कोण विचारतं. मला पण कोण विचारतं."

मेलमध्ये लावायला तिला पूर्ण पान घ्यायचं होतं, सगळ्या यंत्रांसकट, नाहीतर म्हणतील की कापूनकुपून पाठवलं. म्हणून तिनं खालच्या ओळी पण उघडल्या. मंदाताईंचा टीव्ही, दुपारी दोन ते चार, तुफान. ती हसली जरा. आणि मग आबा-टॅब.

दुपारी दोन, शून्य. तीन, शून्य. चार, पाच, सहा. तिला वाटलं फाइल खराब झाली. तिनं दुसरा दिवस बघितला. शून्य. मागे गेली, ऑगस्टपर्यंत. ती रागावली होती तो दिवस, त्या दिवशी तीन ते चारची पट्टी अर्धीच होती, मग तुटलेली. त्यानंतर बारा ते आठ कधीच काही नाही. सकाळी आठ ते नऊ थोडंसं. बस.

पण टॅब तर रोज दुपारी त्यांच्या मांडीवर असायचा! ती पाणी प्यायला उठायची तेव्हा विचारायची सुद्धा, "काय, कोण जिंकलं?" आणि आबा म्हणायचे, "चाललंय अजून, कडक आहे जोड." दोन महिने. काळा पडदा मांडीवर घेऊन, चार चार तास, तिला वाईट वाटू नये म्हणून कुस्ती बघतोय असं दाखवत बसलेले.

तिनं मागे वळून बघितलं. आबा जमिनीवर सांडलेलं पाणी पुसत होते, गुडघ्यावर हात देऊन, हळूहळू.

"ठेवा ना आबा, मी पुसते."

"तू तुझं पाठव आधी. चार वाजलेत."

तिनं पाठवलं. चार वाजून बारा मिनिटांनी. नऊ दिवसांची नऊ पानं, खाली चार ओळी. "मी होते" असं तिनं लिहिलं, मग इंग्रजीत केलं, मग बाकीचं सगळं सभ्य केलं. संध्याकाळी शमीची पानं घेऊन मंदाताई आल्या, सोनं देऊन म्हणाल्या की नेट आलं बरं का, आणि मग कुठून तरी सगळं कळल्यावर घाबरल्या, "म्हणजे माझं नाव पण गेलं की काय नोएडाला?"

"गेलं. फोटोसकट," हेमांगी म्हणाली. थकलेल्या माणसाला जेवढी मस्करी परवडते तेवढीच.

शुक्रवारी दुपारी अंतराचा मेसेज आला. सप्टेंबरची हजेरी दुरुस्त केली आहे, यापुढे ॲप चालू आहे ना हे रोज बघत जा. खाली एक ओळ, "आप तो बड़ी हैकर निकलीं." सॉरी नाही. दुसऱ्या कुणाकडून काम करून घेतलंत म्हणालो ते चुकलं, असं पण नाही. हेमांगीनं अंगठा पाठवला आणि पुढचा रिपोर्ट उघडला. आनंद व्हायला हवा होता. झाला पण असेल, आत कुठेतरी, पण तो बाहेर येईपर्यंत पंचावन्नातले चव्वेचाळीस अजून बाकी होते.

अडीच वाजता ती पाणी प्यायला उठली. आबा खिडकीपाशी, टॅब मांडीवर.

"कोण जिंकलं?"

"चाललंय अजून."

ती जवळ गेली. पडदा काळा होता, त्यात आबांचा चष्मा आणि पंखा दिसत होता. तिनं काही न बोलता बटण दाबलं, बोट फिरवलं, कुठलं तरी मैदान लागलं. हलगी वाजायला लागली.

"अगं, तुझा डॉक्टर अडकेल!"

"अडकू दे."

"कामाच्या वेळी—"

"बघा तुम्ही आबा. मला नका शिकवू."

आबांनी तिच्याकडे बघितलं. तिनं बघितलं नाही, डोळे भरायला लागले की तिला फार राग येतो स्वतःचा. ती आत गेली, हेडफोन घातला. डॉक्टर पेशंटच्या गुडघ्याबद्दल बोलत होता. वाक्याच्या मध्येच तो थांबला, चक्र गोल गोल फिरायला लागलं, आणि बाहेरनं आबांचा आवाज आला, "अरे, टांग मार ना, टांग!"

हेमांगीनं खुर्चीला डोकं टेकलं आणि डॉक्टर परत बोलेपर्यंत डोळे मिटून घेतले.